बाळाची झोप आणि पोटातले जिवाणू: थेंबांची बाटली सगळ्यात शेवटी

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. बाळ कितव्यांदा उठलं याचा हिशेब सुटलेला असतो. एका हाताने थोपटणं चालू, दुसऱ्या हातातल्या फोनवर शोधाशोध. तिथे कुठेतरी ‘आतड्यातले जिवाणू आणि बाळाची झोप’ असं काही वाचनात येतं आणि सकाळी प्रोबायोटिकचे, म्हणजे जिवंत ‘चांगल्या’ जिवाणूंचे, थेंब घरात येतात. त्याच दिवशी दुधाची पावडर बदलते, आईच्या ताटातले चार पदार्थ बंद होतात, बाळाची झोपायची खोलीही बदलते. आठवडाभराने बाळ जरा बरं झोपलं तर ते कशामुळे हे कळायला मार्ग नाही, आणि नाही झोपलं तर काय चुकलं तेही कळत नाही.

मला वाटतं, चूक थेंबांत नसून क्रमात आहे. जे शेवटी करायचं ते आधी केलं जातं, आणि सगळं एकदम केलं जातं. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला किमान पाच-सात दिवस द्या. सगळं सुधारू पाहणाऱ्या घरात हे पाळणं सगळ्यात अवघड जातं.

## सुरुवातीआधी: संबंध आहे, पण किती?

जन्मानंतर बाळाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती बसू लागते. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये सुरुवातीचे महिने बहुतेक वेळा बिफिडोबॅक्टेरियम गटाचे जिवाणू भरपूर असतात. आईच्या एक लिटर दुधात साधारण ५ ते १५ ग्रॅम अशा शर्करा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या या जिवाणूंचं खाद्य. ते खाऊन जिवाणू ॲसिटेट, लॅक्टेट अशी आम्लं तयार करतात. आतड्यातलं वातावरण आंबट झालं की उपद्रवी जिवाणूंना तिथे पाय रोवता येत नाहीत.

आतड्याकडून मेंदूला निरोप जाण्याच्या वाटा बऱ्याच आहेत: व्हेगस ही लांबलचक नस, जिवाणूंनी तयार केलेली आम्लं, रोगप्रतिकार यंत्रणा. सेरोटोनिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचं नाव जाहिरातींत हमखास येतं. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते तिथून उचलून मेंदूत पोहोचत नाही. तेव्हा ‘पोट सुधारा, झोपेचं रसायन वाढवा’ ही ओळ कुठे दिसली तर सोडून द्या.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात १६२ निरोगी बाळांची झोप आणि शीतले जिवाणू पहिल्या वर्षात तपासले. दिवसाच्या झोपेचा संबंध जिवाणूंच्या विविधतेशी दिसला, आणि रात्रीच्या तुटक झोपेचा संबंध ती वस्ती किती प्रौढ झाली आहे याच्याशी. पण दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या म्हणून कोण कोणाला ओढतंय हे ठरत नाही. घरी करायच्या कामापुरता याचा अर्थ असा की जिवाणूंना हात घालून झोप दुरुस्त करता येत नाही. आपल्या हातात उजेड, दूध, स्वच्छता, औषधं आणि वेळेवर सुरू केलेलं वरचं अन्न एवढंच आहे.

शीची महागडी जिवाणू-तपासणी करून झोपेचा निर्णय घेऊ नका. अहवालात नावं आणि रंगीत आलेख येतील. रात्री काय करायचं हे त्यात नसतं.

## टप्पा १: हे झोपेचं प्रकरण आहे ना?

हा टप्पा पाच मिनिटांचा, पण वगळायचा नाही. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा:

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. यात ‘सकाळपर्यंत बघू’ नाही.
- हिरवी उलटी. किंवा दर दुधानंतर जोरात, लांब उडणारी उलटी.
- शीमध्ये रक्त, किंवा शी पांढरट, मातकट रंगाची.
- पोट फुगलेलं आणि हाताला कडक लागणारं.
- वजन वाढत नाही, किंवा पहिला आठवडा उलटल्यावर २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा शू.
- बाळ दुधासाठीही नीट जागं होत नाही, अंग सैल पडलेलं.

मुदतीआधी जन्मलेलं, किंवा हृदयाचा, आतड्याचा, प्रतिकारशक्तीचा आजार असलेलं बाळ असेल तर पुढचे टप्पेही डॉक्टरांना विचारूनच.

इथे थांबून तपासा: अपेक्षा बरोबर आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार तीन महिन्यांपर्यंत दिवस-रात्र मिळून १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांत डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप ठीक. ती सलग असेल असं कुणीही म्हटलेलं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं. दोन महिन्यांचं बाळ रात्री तीनदा उठत असेल तर त्याचं काही बिघडलेलं नाही. झोपेची आबाळ घरातल्या मोठ्यांची होते आहे. तो प्रश्न खराच आहे, पण त्यावर उपाय म्हणजे पाळ्या लावणं. त्यासाठी बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही.

## टप्पा २: सात दिवसांची वही

काहीही न बदलता सात दिवस फक्त नोंद करायची. बहुतेक जण इथेच घाई करतात.

अ‍ॅप नको, कागद घ्या. अ‍ॅप उघडायला फोन उघडावा लागतो, खोलीत उजेड होतो आणि तुमचीही झोप उडते. साधी वही, तिला दोऱ्याने बांधलेलं पेन, आणि बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा मंद दिवा. नोंद करायच्या गोष्टी: झोप कधी लागली, जाग कधी आली, दूध कोणतं आणि किती वेळ, शी कधी आणि कशी, रडणं किती मिनिटं, कोणतं औषध दिलं.

एका रात्रीचं पान साधारण असं दिसतं:

> ११.१० झोप.
> १२.०५ कण्हणं, पाय पोटाशी, डोळे मिटलेले. उचललं नाही. १२.०९ शांत.
> १.४० जाग. दूध, १५ मि. २.०५ झोप.
> ४.३० कुंथणं, चेहरा लाल, रडणं. ४.४२ शी: पिवळी, मऊ. ४.५० झोप.

यातली १२.०५ ची ओळ बघा. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ‘हलती’ असते. त्यात ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, अर्धा हुंदकाही देतं, आणि तरी झोपलेलंच असतं. झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं. दोन आवर्तनांच्या सांध्यावर ही चुळबुळ होतेच. पोट दुखतंय असं समजून आपण उचलतो, आणि झोपलेलं बाळ आपणच जागं करतो. डोळे मिटलेले असतील आणि आवाज चढत जात नसेल तर दोन-चार मिनिटं नुसतं बघत बसा. ही सवय लागली तरी वहीतल्या ‘जागां’ची संख्या कमी होते, जिवाणूंना काहीही न विचारता.

माझ्या धाकट्याच्या वेळी पहिल्या चार पानांवर मी सरळ ‘रात्रभर रडला’ असं लिहून ठेवलं होतं. पाचव्या रात्री मिनिटं मोजली तेव्हा ती तीन तुकड्यांत मिळून ५५ भरली. ५५ मिनिटंही जीव काढतात. पण ‘रात्रभर’ला जो उपाय शोधला जातो आणि ५५ मिनिटांना जो पुरतो, त्यांत फरक असतो.

आठवड्याच्या शेवटी तपासा: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त रडणं, आठवड्यात तीन किंवा जास्त दिवस, बाकी बाळ तंदुरुस्त, वजन वाढतंय. असं असेल तर डॉक्टर त्याला कॉलिक म्हणण्याची शक्यता आहे. (जुन्या व्याख्येत ‘तीन आठवडे’ हीसुद्धा अट होती, आता तेवढं थांबायला सांगत नाहीत.) हे रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास टोकाला जातं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणजे सहाव्या आठवड्यात सुरू केलेला कुठलाही उपाय बाराव्या आठवड्यात गुणकारीच ठरतो. शेजारच्या घरी ‘हमखास लागू पडलेलं’ औषध ऐकलं की ते कितव्या आठवड्यात सुरू केलं होतं, एवढं विचारा.

## टप्पा ३: उजेड-अंधार, आणि झोपायची जागा

पोटाआधी हे करायचं, कारण याचा परिणाम लवकर दिसतो आणि यात बाळाला काही पाजावं लागत नाही.

बाळाच्या शरीरात रात्री मेलाटोनिन (अंधार पडल्याची, झोपेची खूण देणारं संप्रेरक) वाढण्याचं चक्र साधारण दोन-तीन महिन्यांत सुरू होतं. तोवर दिवस-रात्रीची खूण बाहेरून द्यावी लागते. सकाळी उठल्यावर बाळाला उजेडाच्या खोलीत आणा (थेट उन्हात नव्हे). दिवसाच्या डुलक्यांना खोली काळोखी करण्याचा अट्टहास नको. घरातले आवाज चालू राहू देत. संध्याकाळपासून दिवे कमी करा. रात्रीच्या दुधाला मंद, पिवळसर-तांबूस दिवा. बोलणं नाही, खेळणं नाही. दुपटं किंवा डायपर फक्त शी झाली असेल किंवा अगदी ओलं असेल तरच बदला.

आईच्या रात्रीच्या दुधातही मेलाटोनिन असतं. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. दूध काढून ठेवत असाल तर बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहा, आणि जमेल तसं रात्रीचं दूध रात्रीच द्या. जमलं नाही तर ते फेकायचं नाही. दूध ते दूधच.

इशारा: कितीही गॅस झाला, कितीही दूध वर आलं, तरी झोपताना बाळ पाठीवरच. पालथं झोपवलं की बाळं जास्त गाढ झोपतात, आणि नेमकं तेच धोक्याचं आहे. अचानक बालमृत्यूचा धोका पालथ्या झोपेत वाढतो. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. उशी, मऊ खेळणी, जाड पांघरूण, कडेची गादी यातलं काही नको. दूध वर येतं म्हणून गादीचं डोकं उंच करणं, बाळाला कलत्या खुर्चीत झोपवणं हेही नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीशी घेऊन मोठ्यांनी डुलकी घेणं तर फारच धोक्याचं. किमान सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर.

## टप्पा ४: दूध

जिवाणूंचा विषय खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

अंगावर पाजत असाल तर. बाळाने फक्त बोंडाचं टोक पकडलं तर चोखण्यात हवा जास्त आणि दूध कमी जातं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि गिळण्याचा आवाज ऐकू येतो आहे, हे बघा. दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळीने सोडवून परत लावा. घड्याळ लावून दहा मिनिटांत बाजू बदलू नका. एका बाजूचं बाळाने स्वतःहून सोडेपर्यंत पिऊ द्या, मग दुसरी बाजू पुढे करा. दूध पुरेसं जात नसेल तर बाळ तासा-तासाला उठतं, आणि त्याचं खापर गॅसवर फुटतं.

आईने एकामागून एक पदार्थ सोडत जाणं हा दुसरा प्रकार. शीमध्ये रक्त, अंगावर एक्झिमा (कोरडे, खाजरे चट्टे), सततच्या उलट्या असं काही असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ बंद करून बघतात आणि नंतर परत सुरू करून खात्री करतात. हा ‘परत सुरू करण्याचा’ भाग गाळला तर आई विनाकारण महिनोन्‌महिने अर्धपोटी राहते. बाकी लक्षणं नसताना नुसत्या झोपेसाठी काहीही सोडू नका.

पावडरचं दूध देत असाल तर. अपराधी वाटून घेण्यात वेळ घालवू नका, कृती नीट करा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून क्रम महत्त्वाचा:

१. हात साबणाने धुवा. बाटली, बूच, निपल उकळून किंवा वाफेने निर्जंतुक केलेलं हवं.
२. पाणी उकळा. ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत वापरा. उकळून अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवलेलं पाणी त्यासाठी चालत नाही.
३. आधी पाणी मोजून बाटलीत, मग पावडर. उलट केलं की प्रमाण बिघडतं.
४. डब्यातलाच चमचा, सपाट केलेला, दाबून भरलेला नव्हे.
५. झाकण लावून हलवा, बाटली नळाखाली धरून कोमट करा, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघा.
६. तयार दूध दोन तासांच्या आत वापरा. बाळाने तोंड लावून उरलेलं तासाभरानंतर ओतून द्या. पुढच्या वेळेसाठी फ्रिजमध्ये ठेवू नका.

रात्री बाळ जास्त वेळ झोपावं म्हणून एक चमचा जास्त टाकणं ही फार जुनी चूक. घट्ट दुधाने शी कडक होते आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर क्षारांचा भार पडतो. बाटलीत धान्याचं पीठ कालवणंही तसंच. ठसका लागून श्वास अडकण्याचा धोका असतो. सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणीही नको.

डब्यावर ‘मातेच्या दुधातल्या शर्करायुक्त’ असं लिहिलेलं असतं. त्यात अशा शर्करेचे एक किंवा मोजके प्रकार घातलेले असतात. आईच्या दुधात ते दीडशेहून जास्त सापडले आहेत. घातलेलं वाईट नाही, पण त्यासाठी बाळाची जमलेली पावडर बदलू नका. दर तीन दिवसांनी डबा बदलणाऱ्या घरात वहीतल्या नोंदींचा काही उपयोग उरत नाही.

तपासा: पाच-सात दिवसांनी वहीत दुधाच्या वेळा थोड्या मोकळ्या झाल्या का? शू पुरेशी आहे का? वजन? या तिन्हींची उत्तरं ठीक आली तरच पुढे.

## टप्पा ५: कुंथणं आणि गॅस: हात आवरा

वरच्या पानातली ४.३० ची ओळ परत बघा. दहा-बारा मिनिटं कुंथणं, रडणं, चेहरा लालबुंद, आणि मग अगदी मऊ शी. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. पोटाने जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे असतात, हा मेळ बाळाला अजून जमलेला नसतो, एवढंच. काही आठवड्यांत जमतो. तोवर साबणाची वडी, थर्मामीटरचं टोक किंवा कापसाची काडी घालून ‘मदत’ करू नका. त्याने बाळाला स्वतः शिकायला उशीर होतो आणि इजाही होऊ शकते.

अंगावर पिणारं बाळ दीड महिन्यानंतर कधीकधी चार-पाच दिवस शी करत नाही. झाली की मऊ असेल आणि बाळ मजेत असेल तर चिंता नको. खड्यासारखी कडक होत असेल तर डॉक्टर.

गॅससाठी: दूध झाल्यावर उभं धरून ढेकर, पाय सायकलसारखे हलवणं, आणि जागेपणी, तुमच्या नजरेखाली, थोडा वेळ पालथं ठेवणं. पोट हलकं चोळलंत तरी चालेल. सिमेथिकोनचे थेंब कॉलिकमध्ये औषध नसलेल्या नकली थेंबांपेक्षा सरस असल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. ग्राइप वॉटरची गतही वेगळी नाही.

इशारा: रडणं असह्य झालं, हात थरथरायला लागले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित अंथरुणावर ठेवा, दार लोटा आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत बसा. बाळ रडून मरत नाही. हलवल्याने, गदगदल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन मरू शकतं. घरातल्या प्रत्येकाला, बाळ सांभाळणाऱ्या बाईंनाही, हे शांत वेळी सांगून ठेवा.

## टप्पा ६: सिझेरियन आणि प्रतिजैविकं

सिझेरियनने झालेल्या बाळांच्या आतड्यातली वस्ती सुरुवातीच्या महिन्यांत वेगळी असते, आणि तो फरक पुढे बराच कमी होत जातो. झालेल्या बाळंतपणाची प्रक्रिया आता बदलता येणार नाही. आईच्या योनीतला स्राव बाळाला फासण्याचा प्रकार काही ठिकाणी सुचवला जातो. तो घरी करू नका. त्यातून संसर्ग जाऊ शकतो आणि संशोधनाबाहेर तो करण्याची शिफारस नाही.

प्रतिजैविकांनी बिफिडोबॅक्टेरियम कमी होतात. म्हणून साध्या सर्दीला ती मागू नका. विषाणूंवर ती चालतच नाहीत. पण डॉक्टरांनी गरजेची म्हणून दिली असतील तर ‘चांगले जिवाणू मरतील’ म्हणून मध्येच बंद करणं त्याहून वाईट. पूर्ण करा, वहीत तारीख लिहा. त्या दिवसांत शी पातळ होणं आणि झोप विस्कटणं बऱ्याचदा होतं. तो आठवडा कुठल्याही नव्या प्रयोगासाठी बाद धरा.

## टप्पा ७: वरचं अन्न: झोपेसाठी नव्हे

‘पोट भरलं की झोपेल’ म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खायला घालण्याचा आग्रह सगळीकडे होतो. याला अगदीच आधार नाही असं मात्र नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या १,३०३ बाळांवर झालेल्या एका चाचणीत तिसऱ्या महिन्यापासून अन्न सुरू केलेली बाळं जास्त झोपली. फरक सर्वाधिक होता तो सहाव्या महिन्यात, रात्रीला साधारण १६ मिनिटं. रात्रीच्या जागा सरासरी दोनवरून पावणेदोनपर्यंत आल्या. पालकांना त्या १६ मिनिटांचंही मोल असतं हे कबूल. पण तेवढ्यासाठी, मान नीट न धरणाऱ्या बाळाच्या तोंडात चमचा घालावा, असं मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सहा महिन्यांची आहे.

सुरू करण्याआधी तीन खुणा बघा: आधाराने बसतं आणि मान स्थिर आहे, अन्नाकडे हात जातो, तोंडात घातलेलं जिभेने लगेच बाहेर ढकलत नाही.

मग क्रम असा. नवा पदार्थ सकाळी द्या, म्हणजे त्रास झालाच तर दिवसा कळेल आणि रात्र वाया जाणार नाही. एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन-तीन दिवस. लोह असलेलं अन्न सुरुवातीपासून. डाळी, भाज्या, फळं, धान्य हळूहळू वाढवा. त्यातल्या तंतूंवर आतड्यात नवे जिवाणू वाढतात आणि वस्ती मोठ्यांसारखी होऊ लागते. ते काम पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं. शीचा रंग, वास, घट्टपणा बदलेल. दोन-तीन रात्री चुळबुळ वाढेल. घाबरून परत फक्त दुधावर येऊ नका, प्रमाण कमी करा.

इशारा: एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटावरसुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातली जमलेली वस्ती त्यांना रुजू देत नाही. बाळाची वस्ती अजून विरळ असल्यामुळे ते तिथे वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. मध शिजवला तरी बीजाणू मरतील याची खात्री नसते.

## टप्पा ८: आता थेंबांचं बोलू

इथवर येता येता बऱ्याच घरांत थेंबांची गरज उरलेली नसते. तरी विचार करायचा असेल तर आधी या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ हवीत:

- बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी आहे?
- वहीप्रमाणे रडणं कॉलिकच्या मापात बसतं?
- बाळ मुख्यतः अंगावर पितं?
- डॉक्टरांना विचारलं आहे?

तिसरा प्रश्न का? लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी (आताचं नाव लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी) डीएसएम १७९३८ या प्रकाराचा कॉलिकवर सर्वाधिक अभ्यास झाला आहे. २०१८ मध्ये चार चाचण्यांतल्या ३४५ बाळांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी झालेलं दिसलं. पावडरच्या दुधावरच्या बाळांबद्दल तसं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. आणि तिथे प्रश्न रडण्याचा होता, झोपेचा नव्हे. ‘झोपेसाठी प्रोबायोटिक’ म्हणून विकली जाणारी बाटली हा अर्थ स्वतःच लावून घेते.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना घरच्या घरी प्रोबायोटिक कधीही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल स्पष्ट इशारा दिला. अशा बाळांत हेच ‘चांगले’ जिवाणू रक्तात उतरून जीवघेणा संसर्ग करू शकतात.

द्यायचेच ठरले तर:

१. बाटलीवर जिवाणूचं पूर्ण नाव आणि त्यापुढचा क्रमांक वाचा. ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या प्रकारावर तीच चाचणी लागू होत नाही.
२. ड्रॉपर बाळाच्या तोंडाला लावू नका. स्वच्छ चमच्यात थेंब घ्या. गरम दुधात घालू नका, जिवाणू मरतात. बाटली वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे ठेवा.
३. रोज एकाच वेळी द्या. चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही.
४. सुरू करण्याआधीच्या सात दिवसांची रडण्याची सरासरी वहीत काढून ठेवा, आणि थांबण्याची तारीख त्याच दिवशी लिहा: आजपासून २१ दिवस. चाचण्यांतही साधारण एवढेच दिवस दिले होते.
५. त्या २१ दिवसांत दुसरं काहीही बदलू नका. पावडर नाही, आईचा आहार नाही, झोपायची वेळ नाही.

एकविसाव्या दिवशी शेवटच्या सात पानांची सरासरी काढा आणि सुरुवातीच्या सातांशी ताडून बघा. फरक नसेल तर थेंब बंद; दुसरी कंपनी, दुसरा प्रकार असा शोध सुरू करायचा नाही. फरक असेल तरीही बंद करून आठवडाभर बघा. रडणं परत वाढलं तर डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवा. नाही वाढलं, तर बहुधा बाराव्या आठवड्याने आपलं काम केलं आहे. चार महिने उलटूनही रडणं तसंच राहिलं तर ही वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. ‘रात्रभर रडतो’ ऐकण्यापेक्षा ४.३० ते ४.४२ हे आकडे बघून त्यांना जास्त कळतं.